आई-बाबा, तो पूल गेला

सिएटल, ७ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

काल पहाटे साडेपाचला फोनवर तुम्ही दोघं मांडवीच्या वाळूत उभे दिसलात. बाबा, यंदा मूर्ती पाण्यात शेजारच्या मुलांनी नेली. तुम्ही फोन पटकन आईकडे वळवलात, तरी मला दिसलंच.

मग झोप कुठली! दुपारी आम्ही पाण्यावर गेलो. इथल्या नव्या वॉटरफ्रंट पार्कचा सोहळा नेमका अनंत चतुर्दशीलाच होता.

२०१८ साली तुम्ही आलात तेव्हाचा दुमजली पूल आठवतो? डोक्यावर गाड्यांची घरघर, आणि बाबा ओरडून विचारत होते, "समुद्राच्या तोंडावर ही फळी कुणी मारली?" २००१ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला होता, तरी पाडायला २०१९ उजाडलं. तो रस्ता आता बोगद्यातून जातो आणि वर २० एकरांचं पार्क झालंय, धक्क्याधक्क्यांनी लांबच लांब पसरलेलं. आई, तुझ्या त्या मासे फेकणाऱ्या बाजारातून थेट पाण्यापर्यंत उतरता येतं. पायऱ्या आहेत, पण लिफ्टही आहे. मी दोनदा वर-खाली करून पाहिली. फुटपाथमध्ये काचा बसवल्यात, खालच्या पाण्यात उजेड पोचावा म्हणून. सामनची पिल्लं काठाकाठाने पोहतात आणि अंधाराला बुजतात म्हणे. "माशांचे एवढे लाड!" म्हणशील तू.

एवढं पाल्हाळ लावलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. पुण्याच्या नोकरीला मी गुरुवारी नकार कळवला. पगारासाठी नाही. म्हणजे, थोडं पगारासाठीही. छोटूची शाळा, यांचं काम, घराचे हप्ते... सगळी कारणं लिहून काढली होती. कागदावर फार बरोबर दिसतात ती.

आणि तुमची मे महिन्याची तिकिटं काढली आहेत. विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते. कायमचे या म्हणत नाहीये हो. ऑगस्टअखेर आपण सगळे मिळूनच परत येऊ, आणि पुढच्या वर्षी मूर्ती पाण्यात मी नेणार.

खोली खालच्या मजल्यावर आहे, जिना नाही. सकाळचा चहा बाबांच्या वेळेला, म्हणजे साडेपाचलाच. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवण आटोपूनही फिरायला जाता येईल. बाबा, मांडवीच्या जेटीवर मला खांद्यावर घेऊन होड्यांचे दिवे मोजायला लावायचात ना? मी दहाच्या पुढे नेहमी चुकायचे आणि तुम्ही चुकलेलाच आकडा पुढे चालू ठेवायचात. इथे बेनब्रिज बेटाची फेरी येते-जाते. मोठी बोट आहे, एका वेळी एकच मोजायची.

आता ऐका. पासपोर्ट कपाटातून काढून तारीख बघा, आजच. गुडघ्याचे व्यायाम रोज, आईने समोर उभं राहून करून घ्यायचे. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, तिथे "मी काय म्हातारा आहे का" सुरू करायचं नाही. आई, तुझी शुगर किती आली ते तू सांगायचं टाळलंस, मी विसरलेले नाही.

मोदकाचा साचा इथे आहे, तो आणू नकोस. विळी मात्र आण, मोठ्या बॅगेत, जुन्या साडीत नीट गुंडाळून. इथल्या खवणीने माझी बोटंच खवली जातात.

तुमची,
बेबी