‘डिस्क गेली’ म्हणण्याआधी

महोदय,

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या व्हीसीडी-डीव्हीडी खाली येतात. लावून बघितल्या, एरर आली, की त्यांची रवानगी शिवारात. जोंधळा हुरड्याला आला की त्या पाखरं हाकायला दोरीवर चकाकत असतात. त्यातल्या कित्येक धडधाकट असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा आधार संपला आणि जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत कार्यप्रणाली टाकून घेणं हा स्वस्त मार्ग उरला. तिथे ही गफलत हमखास होते. कारण लिनक्सवर ‘इनपुट-आउटपुट एरर’ हे एकच वाक्य तीन वेगळ्या दुखण्यांसाठी येतं : व्हीसीडीची मांडणी, डीव्हीडीचं कुलूप (म्हणजे कॉपी रोखणारं सांकेतिक संरक्षण) आणि खरोखरचा ओरखडा.

व्हीसीडीला कुलूप नसतंच. मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्या त्या काळातला माल घरोघरी आहे. ‘एम्पेगएव्ही’ फोल्डरमधली ‘डॅट’ फाइल माउसने ओढली की कॉपी अडकते. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका कप्प्यात, २०४८ बाइट माहिती आणि चूक दुरुस्त करणारी जादा माहिती असते. व्हीसीडीत ती जादा माहिती काढून २३२४ बाइट चित्रपट कोंबलेला असतो. फाइल मॅनेजर आपल्या सवयीने २०४८च मागतो आणि फसतो. ‘व्हीसीडीइमेजर’ हे पॅकेज घ्यावं आणि त्यातल्या ‘व्हीसीडीएक्सरिप’ला ड्राइव्हचं नाव (बहुधा ‘एसआर-शून्य’) सांगावं. सरळ चालणारी एम्पेग फाइल मिळते. ती पुन्हा लहान करायच्या भानगडीत पडू नये. मुळातच ३५२ बाय २८८चं चित्र, त्यात आणखी काय पिळणार?

डीव्हीडीची गोष्ट निराळी. तिच्यावरचं सीएसएस हे कुलूप १९९६चं, किल्ली जेमतेम ४० बिटांची, आणि ते १९९९मध्ये उघडलं गेलं. लिनक्सवर ते ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमच्या मदतीला येणारं सॉफ्टवेअर) उघडते. पण उबुंटू, मिंट, डेबियन ती सोबत देत नाहीत. आधी ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ हे पॅकेज बसवायचं, मग टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ ही आज्ञा त्याच पॅकेजच्या नावाने द्यायची. ही दुसरी पायरी बहुतेकजण विसरतात. पॅकेज नुसतं दूत आहे. खरी लायब्ररी या आज्ञेनंतर इंटरनेटवरून येऊन तुमच्या मशीनवर तयार होते. पायरी चुकली की मेनू झकास दिसतो आणि चित्रपट सुरू होताच हिरवे-गुलाबी चौकोन नाचायला लागतात.

सगळ्यात फसवा प्रकार पुढेच आहे. ताजी घातलेली कुलूपबंद डीव्हीडी थेट कॉपी करायला गेलं तर ड्राइव्ह स्वतःच नकार देतो. टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा देऊन बघितलं तर ‘रीड ऑफ स्क्रॅम्बल्ड सेक्टर विदाउट ऑथेंटिकेशन’ अशी ओळ असते. म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, फक्त ड्राइव्हशी ओळखपाळख झालेली नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये चित्रपट दहा-पंधरा सेकंद चालवावा, बंद करावा आणि डिस्क बाहेर न काढता कॉपी सुरू करावी. या एका ओळीपायी किती डिस्का शेतात गेल्या असतील कोण जाणे.

कॉपीसाठी ‘डीव्हीडीबॅकअप’ पुरेसं आहे. आज्ञेत मोठा एम हा पर्याय दिला तर पूर्ण डिस्क, मोठा एफ दिला तर फक्त मुख्य चित्रपट. छोटा एन देऊन नाव स्वतः घालावं. अनेक डिस्कांचं नाव नुसतं ‘डीव्हीडी व्हिडिओ’ असतं आणि दुसरी कॉपी पहिलीच्या फोल्डरात घुसते. काही डिस्कांत मुद्दाम खराब सेक्टर पेरलेले असतात किंवा ९९ खोटे टायटल (डिस्कवरचे व्हिडिओचे स्वतंत्र भाग) भरलेले असतात. पूर्ण कॉपी तिथे अडकून बसते. तेव्हा ‘एलएसडीव्हीडी’ने यादी काढून दोन-अडीच तासांचं टायटल तेवढं उचलावं. आणखी एक खोच : वाचता न आलेला भाग ‘डीव्हीडीबॅकअप’ आपणहून गाळून पुढे जातं. शेवटपर्यंत गेलं म्हणजे सगळं आलं असं नव्हे, पडद्यावरच्या सूचना वाचाव्यात.

परदेशातून आलेल्या डिस्कसाठी ड्राइव्हचा विभाग (रीजन कोड) बदलायच्या फंदात पडू नये. भारताचा विभाग ५. बदल पाचदाच करता येतो, नंतर ड्राइव्ह शेवटच्या विभागावर कायमचा अडकतो.

आता खरा ओरखडा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशी चढते. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच येतो. सीडीचा डेटा वरच्या छापील बाजूला, लेबलच्या अगदी खाली असतो, तेव्हा त्या बाजूला नख लागलं तर उपाय नाही. डीव्हीडीत तो मधोमध असतो. एवढं करूनही डीव्हीडी वाचली गेली नाही, तर ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे खराब डिस्कवरून माहिती वाचवणारं साधन घ्यावं. ब्लॉक २०४८, पहिली फेरी छोट्या एनसह म्हणजे कठीण जागा टाळून, दुसरी तीन पुनःप्रयत्नांची. नोंदीची मॅप फाइल जपली तर उरलेले तुकडे दुसऱ्या ड्राइव्हवर लावून भरता येतात, आणि ड्राइव्ह बदलल्यावर बरंच काही वाचतं. ही प्रतिमा (डिस्कची जशीच्या तशी फाइल) कुलूपबंदच राहते, पण व्हीएलसी ती चालवतो.

यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह टकटक करत पुन्हापुन्हा सुरू होत असेल तर दोष डिस्कचा नाही, विजेचा आहे. कॅबिनेटच्या मागचा पोर्ट वापरावा. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीचा असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यात जाणार नाही. एक्सफॅट करून घ्यावा.

राहिला कायदा. प्रताधिकार कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५-ए, हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. इरादा हा शब्द महत्त्वाचा. विकत घेतलेल्या डिस्कची घरात बघायला ठेवलेली प्रत वेगळी आणि तीच टेलिग्रामवर टाकणं किंवा गणपतीत गल्लीत पडद्यावर लावणं वेगळं. वाचनालयांनी मात्र जपून. जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची जी सवलत कलम ५२ मध्ये आहे, ती संग्रहात ‘बिगर-डिजिटल’ प्रत असेल तरच. जुनी व्हिडिओ कॅसेट त्यात बसते, डीव्हीडी बसत नाही. सीमाभागातल्या वाचनालयांकडे मराठी नाटकांच्या डीव्हीडी असतील, तर कॉपीला हात लावण्याआधी निर्मात्याला पत्र लिहून लेखी परवानगी मागावी. डिस्कच्या कव्हरवर खाली बारीक अक्षरात हक्कधारकाचं नाव असतं. कव्हरही म्हणूनच फेकू नये.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव