कातळावरच्या काजूंबद्दल, आई-बाबांना

वेंगुर्ले,
चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, कातळावरचे जुने गावठी काजू तोडून वेंगुर्ला-४ नाहीतर वेंगुर्ला-७ची कलमं लाव, असं तुम्ही परवा फोनवर पुन्हा सांगितलंत. कलमांची बी मोठी, भावही चांगला, हे मान्य. पण मी एकही झाड तोडलेलं नाही. रागावू नका, आधी वाचा.

दोन वर्षं तणनाशक बंद आहे. पातेरा जाळत नाही, तो बुंध्याशीच कुजतो, वरून शेण-गोमूत्राचं जीवामृत. खोडकिडीच्या अळ्या तारेने कोरून काढल्या, एकेका झाडाला अर्धा दिवस गेला. पानं शिवून केलेली हुमल्यांची, त्या लाल मुंग्यांची, घरटी आपण पूर्वी जाळायचो. आता राखते, कारण मोहोर सुकवणाऱ्या ढेकण्या किडीला तेच खातात. यंदा त्या म्हाताऱ्या झाडांवर मोहोर टिकला, बाबा.

आणि काजूचं फळ, बोंडू! बी पिरगळून घेतली की आपण ते गुरांपुढे टाकायचो. बीच्या आठ-दहा पट वजन त्याचं, रसाने भरलेलं. त्याचीच वाइन करायची म्हणून तर परवान्यासाठी वर्षभर खेपा घातल्या. गेल्या वर्षी बोंडू रात्रभर टोपल्यांत राहिले आणि सगळा रस आंबट झाला. आई, तेव्हा मी खूप रडले, तुला बोलले नव्हते. यंदा पहाटे पडलेले बोंडू वेचून दुपारच्या आत पिळले. घसा धरणारा तुरटपणा जावा म्हणून रसात साबुदाण्याची पातळ पेज घातली, गाळ बसू दिला आणि तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. त्यावरचे डाग आता जायचे नाहीत. बाहेरचं यीस्ट घातलं नाही; सालीवरचं होतं तेवढ्यावरच दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप बोलायला लागलं. पडवीभर वास आहे.

एकच अडलंय. कुठल्या झाडाचा बोंडू गोड आणि कुठल्याचा घशाला लागणारा, हे तुम्हाला झाड बघून कळतं. मला चाखून चाखून जीभ बधिर झाली तरी जमत नाही. सगळे एकत्र पिळले की चव बिघडते. मिरगाआधी दोघंही या. दगडी गडग्यापासून विहिरीपर्यंत सावकाश फिरू, तुम्ही नुसतं बोट दाखवा. गोड झाडांना बांधायला लाल दोरा आणून ठेवलाय.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथून घाण्याचं पाठवते.

तुमची लेक