उसळत्या बोअरला झाकण ठोकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बोअर कोरडी गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पाणी आवरेना म्हणून हाल होतात, त्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या एप्रिलमध्ये पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या भावकीतल्या शेतात बोअर मारली. पावणेदोनशे फुटांपर्यंत नुसती काळ्या कातळाची भुकटी उडत होती. मग गेरूसारखा तांबडा चिखल आला आणि चार-पाच फूट पुढे जातोय तोच पाणी उसळले. कॉम्प्रेसर बंद केला तरी थांबेना. २०० लिटरचे बॅरल ४० सेकंदांत भरत होते, म्हणजे तासाला १८ हजार लिटर! नारळ फुटला, गुलाल उधळला. बोअरच्या यंत्राचा गाडीवाला फुटांवर हिशेब करून दिवस मावळायच्या आत पुढच्या गावाला गेला.

पाणी वाया जाते म्हणून रात्री आम्ही केसिंगवर, म्हणजे बोअरच्या तोंडाशी आत सोडलेल्या पाइपवर, झाकण ठोकले आणि वर दगड रचले. पहाटे केसिंगभोवतीची माती बुडबुडत होती. उजाडेपर्यंत दहा फुटांवरच्या सरीत पाणी फुटले, तेही लाल, गढूळ. बांध ढासळला.

तांबड्या चिकण थराखाली डोंगराकडून मुरलेले पाणी दाबाखाली कोंडलेले असते. आमची केसिंग वरच्या २० फूट मुरमापुरती, तीही नुसती आत सोडलेली. तोंड दाबले की पाणी तिच्या बाहेरून वाट काढणारच. गढूळ पाणी आले तर खालची माती वाहून पोकळी होते आहे असे समजावे आणि माणसे, यंत्रे आधी लांब न्यावीत. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या मोहनगढजवळ बोअर मारताना पाणी असे फुटले की ट्रकसह यंत्र जमिनीत गेले.

एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी पहिल्यांदा झाकण काढायला लावले. पाणी आतून मोकळे वाहू लागताच बाहेरची गळती थांबली. मग केसिंगभोवती तळापासून वरपर्यंत सिमेंटचे घट्ट कालवण भरले आणि आठवडाभर हात लावला नाही. नंतर वर पाइप जोडत गेलो. जमिनीपासून ११ फुटांवर पाणी आपोआप स्थिर झाले. एवढ्या उंचीचा दाब मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेपेक्षाही कितीतरी कमी. आम्ही उगाच दगड रचत होतो! आता व्हॉल्व्ह बसवलाय. तो हळूहळूच फिरवतो आणि उसाला लागेल तेवढेच पाणी घेतो.

हे सगळे आधी करता आले असते. आजूबाजूला एखादी बोअर आपोआप वाहत असेल, तर तिथे केसिंग कातळात पक्की बसवून, सिमेंट वाळल्यावरच पुढे खोदायला हवे. पण एजंट फुटाचा दर सांगतो, सिमेंटचे नाव काढत नाही.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार विंधन यंत्रांची, म्हणजे बोअर मारणाऱ्या गाड्यांची, नोंदणी लागते. त्या नोंदणीतच व्हॉल्व्ह आणि सिमेंट भरायची सोय गाडीवर असण्याची अट घालावी. वाहती बोअर तशीच टाकून गाडी हलवता येणार नाही, असेही लिहून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने डोंगरपायथ्याच्या गावांत पावसाळ्यापूर्वी ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर