पाकिटावर नाव घालताना

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मैत्रिणींना घेऊन लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला बसणार म्हणालीस, म्हणून हे आधीच कळवते.

यादी माणसांची नको, चुलींची कर. एका छपराखाली दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर पत्रिका दोन. थोरल्याच्या पाकिटात धाकट्याला उरकलं, की धाकटी जाऊ लग्नाला येते खरी, पण विसरत नाही. साडेतीनशे माणसांना साधारण सव्वाशे पत्रिका पुरतात. वर पंचवीस पत्रिका आणि चाळीस कोरी पाकिटं जादा ठेव; चुका पाकिटावरच होतात.

नुसतं ‘श्री. व सौ.’ लिहून थांबलीस तर जोडप्यालाच बोलावणं आहे असा अर्थ निघतो. जुन्या बोलीत ‘कुटुंब’ म्हणजे बायको, म्हणून ‘सहकुटुंब’पुढे ‘सहपरिवार’ लागतं. हॉल लहान म्हणून काही ठिकाणी ते गाळायचं असेल तर एका नात्यातल्या सगळ्यांचं गाळ. एका चुलतभावाला सहपरिवार आणि दुसऱ्याला नाही, हे दोन दिवसांत फोनवरून सगळीकडे होतं.

खरी गोम नावाआधीच्या अक्षरांत आहे. नवरा हयात असलेल्या वयस्कर बाईला ‘श्रीमती’ लिहू नकोस. शब्द कुठल्याही स्त्रीला चालतो, पण आपल्याकडे तो विधवेसाठी रुळलाय आणि आत्याच्या पिढीला तो अशुभ वाटतो, तिथे ‘सौ.’ हवं. उलट तुझ्या ऑफिसातल्या बायकांना ‘श्रीमती’च बरं, लग्न झालंय की नाही हे पाकिटाने कशाला विचारायचं? विधवेच्या नावाआधी पूर्वी लिहायचे ते ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) मात्र कुणालाच नको, यादीत जुन्या हाताने लिहिलं असलं तरी. आणि ती यादी दादाच्या लग्नातली आहे. मधल्या वर्षांत कोण गेलं ते मला फोनवर विचारून घे, मग पेन उचल. गेलेल्या माणसाच्या नावाची पत्रिका घरात आली तर त्याला माफी नाही.

बाईने आडनाव बदललं नसेल तर दोन्ही नावं पूर्ण लिही. बायकोही डॉक्टर असताना ‘डॉ. व सौ.’ लिहिणं ही नेहमीची चूक. ‘श्री. डॉ.’ असं दुहेरी नको. ‘ह. भ. प.’ मात्र विसरू नकोस, वारकरी माणसाला ते डॉक्टरकीइतकंच मोलाचं. ‘तीर्थरूप’ फक्त सख्ख्या आईवडिलांना, काका-मामांना ‘तीर्थस्वरूप’, पाकिटावर ‘ती. स्व.’ पुरे. दोन मुलांचा बाप झालेल्या भाच्याला ‘चि.’ नको, ‘श्री.’ लिही. नावाच्या ओळीपुढे ‘यांसी’ छापलेलं असेल तर हाताने वर ‘यांना’ लिहू नकोस, ‘यांना यांसी’ होतं.

नावं पाकीट रिकामं असताना घाल. आत पत्रिका असली की उठावाच्या नक्षीवर पेन अडखळतं. चकचकीत कागदावर जेल पेन पुसलं जातं, बॉलपेन किंवा बारीक मार्कर घे. पाकीट गडद मरून असेल तर पांढरी चिकटपट्टी लाव, सोनेरी शाईचा हट्ट नको, पोस्टमनला ती वाचता येत नाही. हळदकुंकवाची बोटं कोपऱ्यांवर अगदी कमी पाण्यात, आणि वाळल्याशिवाय गठ्ठा करू नकोस, नाहीतर खालच्या नावावर डाग उतरतो.

पहिली पत्रिका गणपतीची, दुसरी कुलदेवतेची. या दोन देवघरात ठेव, देवदर्शनाला जाऊ तेव्हा नेऊ. मामाची पत्रिका पोस्टाने जात नाही, ती अक्षत घेऊन मी आणि बाबा देऊ. हाती द्यायच्या पाकिटांवर पत्ता नको, मागे पेन्सिलीने गाव किंवा पेठ लिही, म्हणजे फेरीप्रमाणे लावता येतील. पोस्टाच्या पाकिटांवर पिनकोडचे सहाही आकडे, मागे आपला पत्ता. एक भरलेलं पाकीट आधी पोस्टात तोलून घे. साध्या पत्राचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा आहे, जाड पत्रिका तो सहज ओलांडते, आणि तिकीट कमी पडलं तर पैसे पाहुण्याकडे मागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमध्ये टाकून मोकळी होऊ नकोस. एकेकाला नाव घालून पाठव, आणि साठीच्या पुढच्यांना त्याआधी फोन कर. यादी शनिवारी रात्री घेऊन बस, मी फोनवर आहे.

तुझी
आई