दहावा माणूस कोण होता?

बाबा गेले तेव्हा अलिबागच्या आमच्या इस्राएल आळीत कद्दीशसाठी, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आम्ही ज्यू म्हणतो त्या प्रार्थनेसाठी, दहा पुरुष जमवणं हाच मोठा प्रश्न होता. निम्मी आळी कधीच इस्राएलला गेलेली. दहा झाले नाहीत तर कद्दीश म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते म्हणायचंही नव्हतं. देवावर राग होता. त्यातून कद्दीशमध्ये मृत्यूचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती! आत्ता स्तुती?

पहिल्या संध्याकाळी मोजले, तर नऊच. तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले, एसटीने आलेले, घामाघूम. नाव विचारायचं राहिलं. माझी जीभ अडखळली तेव्हा त्यांनी देवनागरीत छापलेलं जुनं पुस्तक पुढे धरलं आणि ओळीखाली बोट फिरवत राहिले. नखाला हळद लागलेली होती, हे का लक्षात राहिलं कोण जाणे. ‘यितगदल वेयितकदश’ हे कद्दीशचे पहिले शब्द म्हटले आणि नऊ-दहा आवाजांत ‘आमेन’ आलं. तिथे पहिल्यांदा रडलो.

ठाणे-पनवेलहून शोकाचे सातही दिवस आलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. आरशांवर चादरी टाकणाऱ्या, उकडलेली अंडी आणून ठेवणाऱ्या, जमिनीवर आमच्याशेजारी गप्प बसून राहणाऱ्या शेजारणींचेही. त्यातल्या दोघी तर ज्यूही नव्हत्या.

राग पूर्ण गेलेला नाही. पण अकरा महिने कद्दीश म्हणतोय. हळदीच्या नखांचे काका, हे वाचलंत तर कळवा. पुस्तक माझ्याकडेच राहिलंय.