न सांगितलेल्या विनंत्यांसाठी: मावशींना आभारपत्र

प्रिय मावशी,

जय ख्रिस्त.

बुधवारच्या प्रार्थना सभेतल्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. मुद्दामच उघड लिहितो आहोत, कारण न सांगितलेल्या विनंतीसाठी प्रार्थना करण्याची तुम्ही घालून दिलेली पद्धत पुण्यातल्या दुसऱ्या मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, भगिनीही विचारू लागल्या आहेत. तुमचे आभार मानता मानता ती नीट लिहूनही होईल.

कुठल्याही प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणतंच, "माझी एक विनंती आहे, पण सांगता येणार नाही." त्यामागे काहीही असू शकतं. कोर्टातला दावा, मुलाचं व्यसन, फेडता न येणारं कर्ज, हातात न आलेला बायोप्सीचा रिपोर्ट. कधी तर मनावर दडपण असतं, पण कशाचं ते त्या माणसालाही उमगलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी अशी विनंती "प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे" एवढ्या एका वाक्यात उरकली जाते आणि आजारपणाच्या, परीक्षेच्या विनंत्यांना बराच वेळ मिळतो. न सांगितलेल्या विनंतीलाही तेवढाच वेळ द्यायचा, हा तुमचा पहिला नियम. त्यासाठी पहिले आभार.

दुसरे आभार चिठ्ठीसाठी. कोरा कागद दिला की लोक एक तर सगळंच लिहून बसतात आणि मग आठवडाभर पस्तावतात, नाही तर काहीच लिहीत नाहीत. तुमच्या चिठ्ठीवर चारच गोष्टी असतात: विनंती स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी, एखादी तारीख आहे का, किती आठवडे प्रार्थना करायची, आणि कुणी भेटायला यावं का, हो की नाही. नावाची गरज नाही, ओळखीपुरती एखादी खूण चालते. तारखेचा रकाना फार मोलाचा आहे. सुनावणी किंवा ऑपरेशन त्या दिवशी आहे एवढं कळलं तरी सकाळी उठून त्या माणसासाठी प्रार्थना करता येते, बाकी काही कळण्याची गरज उरत नाही. चिठ्ठ्या पेटीत, एकाच भगिनीच्या ताब्यात राहतात, महिनाअखेर फाडून जाळल्या जातात आणि त्यांचा फोटो कुणीही काढत नाही.

व्हॉट्सअॅपवर विनंती टाकायची नाही, हे तुम्ही निक्षून सांगितलंत त्याचं कारण आता सगळ्यांना पटलं आहे. नाव गाळलं तरी "कोथरूडची एक भगिनी, यजमान बँकेत" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. पुण्यातल्या मराठी मंडळ्या एकमेकींच्या नात्यागोत्यातल्या. दुपारचा निरोप संध्याकाळी पिंपरीत पोचलेला असतो, तोही "प्रार्थनेसाठी सांगते हं" असं म्हणत.

मग प्रत्यक्ष प्रार्थना. आधी दोन मिनिटं शांतता, घड्याळ लावून. घड्याळ हवंच, कारण शांततेत अर्धं मिनिटही लांब वाटतं आणि कुणीतरी घाईने कोरस सुरू करतं. ज्यांचं मन भरकटतं त्यांनी श्वास घेताना "प्रभू येशू" आणि सोडताना "दया कर" असं मनात म्हणावं. त्यानंतर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, सावकाश. मग एकीनेच तीन वाक्यं म्हणायची: "प्रभू, तू ओळखतोस त्या व्यक्तीला आम्ही तुझ्यापुढे आणतो. तिला आज लागेल तेवढं बळ दे. तिच्यासोबत कुणी असावं असं तुला वाटत असेल तर आम्हाला पाठव." शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एका विनंतीला पाच-सहा मिनिटं पुरतात.

स्तोत्र कुठलं निवडायचं, हे तर तुमच्याइतकं बारकाईने कुणी सांगितलेलं आम्ही ऐकलेलं नाही. १३ वं सहाच वचनांचं आहे, "किती वेळ, प्रभू" या आकांताने सुरू होऊन भरवशावर येतं. पहिल्या खेपेला तेच बरं. ज्याचा शोक लांबला आहे त्याच्यासाठी ८८ वं. ते अंधारातच संपतं, म्हणून त्याच्यामागून लगेच आनंदाचं गीत लावायचं नाही. ऐकणाऱ्याला आपलं दुःख झटकून टाकल्यासारखं वाटतं. ५१ वं टाळायचं, कारण ते पश्चात्तापाचं आहे: गरज काय ते माहीत नसताना ते वाचलं की समोरच्याचा काहीतरी दोष असणार असं आपण गृहीत धरतो. आणि २३ वं कितीही प्रिय असलं तरी आपल्याकडे ते दफनविधीत इतकं वाचलं जातं की रिपोर्टची वाट पाहणारा माणूस ते ऐकून धसकतो.

बिघडतं ते बहुधा अंदाज बांधण्यात. "प्रभू, तिच्या नवऱ्याला सुबुद्धी दे" असं कुणी म्हटलं की सगळ्यांचे डोळे मिटलेले असले तरी डोक्यात चक्र सुरू होतं. दुसरी चूक म्हणजे प्रार्थनेतून उपदेश. तिसरी, सभा संपल्यावर फाटकापाशी हळूच "काय झालं गं?" म्हणून विचारणं. यावर तुम्ही बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला एली याजक पुढे करता. मूल नसलेली हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती; तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. एलीला ती प्यालेली वाटली. तिने "माझं मन दुःखी आहे, मी परमेश्वरापुढे ते मोकळं केलं" एवढंच सांगितलं. तेव्हा त्याने आपलं म्हणणं सोडलं, तिला आशीर्वाद दिला, पण तू काय मागितलंस हे विचारलंच नाही. पुत्र मागितला हे त्याला माहीत नव्हतं. आम्हा मध्यस्थी करणाऱ्यांना, म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना, यापेक्षा स्पष्ट धडा शास्त्रात सापडायचा नाही.

ज्यांना स्वतःलाच शब्द सापडत नाहीत त्यांना तुम्ही बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सलग वाचायला लावता, नुसतं २६ वं वचन नाही. २२ व्या वचनात सृष्टी कण्हते, २३ व्यात आपण कण्हतो, २६ व्यात आत्मा कण्हतो आणि ३४ व्यात ख्रिस्त पित्याच्या उजवीकडे मध्यस्थी करतो. एवढ्या सोबतीत गप्प बसलेला माणूस एकटा नसतो, हे तुम्ही ज्या जिव्हाळ्याने सांगता तो आमच्यापर्यंत पोचतो.

मोठ्याने प्रार्थना करण्यालाही तुमचा विरोध नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीत पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. त्या गजरात एकीचे शब्द दुसरीच्या कानी पडत नाहीत, म्हणजे ज्याला बोलायचं आहे पण ऐकू जाऊ द्यायचं नाही त्याचीही सोय होते. महिन्यातल्या एका बुधवारी तसं ठेवलंत, हे फार बरं केलंत.

आणि गुप्ततेची हद्द आखून दिलीत, यासाठी सगळ्यांत जास्त आभार. मारहाण, लहान मुलाला धोका किंवा जीव देण्याची भाषा कानी आली, तर नुसती प्रार्थना करून थांबायचं नाही. त्या व्यक्तीला आधी सांगायचं की हे आता माझ्यापाशी ठेवता येणार नाही, मग सोबत बसून फोन लावायचा: तातडीला ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. हे आकडे पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवलेले आहेत.

हडपसरच्या भगिनींना चिठ्ठीचा नमुना हवा आहे. त्यांना तो देतो आहोत आणि पहिल्या सभेला तुम्ही यावं अशी त्यांची विनंती आहे. ही मात्र उघड सांगण्यासारखी आहे, तेव्हा तब्येत सांभाळून कळवा. रिक्षा आम्ही पाठवू.

प्रभूमध्ये तुमच्या,
बुधवारच्या प्रार्थना सभेतल्या भगिनी, पुणे