अमावस्येच्या वाऱ्यात झिपरीबरोबर

थेटफर्डजवळ, नॉरफोक, इंग्लंड
पौष अमावस्येनंतरचा रविवार

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "नाना, खरं सांग, तू रात्री कुत्रं घेऊन ससे मारतोस?" आणि मग बराच वेळ काही बोलला नाहीस. तुझ्या गळ्यात माळ आहे, वीस वर्षांत तू वारी चुकवलेली नाहीस. तुझ्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. म्हणून दोन वाक्यांत विषय उडवून लावायला मन धजलं नाही. आज शीतगृहाला सुट्टी आहे, बाहेर पाऊस लागलाय, माझी कुत्री झिपरी पायाशी मुटकुळं करून पडलीय. सगळं नीट लिहितो.

आधी एक गोष्ट. आपल्या भाषेत दोन वेगळ्या जनावरांना एकच नाव आहे. तू आणि मी जतच्या माळावर गवतातून उसळताना बघितला तो ससा लांब टांगांचा, उघड्यावर राहणारा. तो बीळ करत नाही. गवतात अंगाएवढी खळगी करून बसतो आणि त्याची पिल्लं डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. त्याचा भाऊबंदही इथे आहे, मोठा, तपकिरी, कानांची टोकं काळी. त्याच्यामागे कुत्रं सोडणं इथे गुन्हा आहे आणि मी त्याला कधी हात लावलेला नाही. मी धरतो तो दुसरा, बिळातला ससा. आपल्याकडे लोक पिंजऱ्यात पांढरे ससे पाळतात, त्यांचा हा रानटी पूर्वज. त्याची पिल्लं आंधळी, उघडीनागडी, बिळात जन्मतात. तो मुळात इथलाही नाही. स्पेन-पोर्तुगालकडचा हा प्राणी नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी इथे आणून राखला. आमच्या गावाबाहेर जंगलात एक पडका दगडी वाडा उभा आहे, साधारण सन १४०० च्या सुमाराचा. तिथल्या मठाच्या सशांवर चोरांचा डोळा असायचा, म्हणून राखणदारासाठी बांधलेला. भिंती गारगोटीच्या आणि चांगल्या जाड. सशासाठी एवढी गढी! पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्याभोवती फिरत राहिलो.

ही सगळी जमीन वाळूची आहे, बापू. ब्रेकलंड म्हणतात तिला. पाऊस कमी, गारगोट्या चिक्कार, पाइनच्या वाकड्यातिकड्या रांगा. नोकरीला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात, वाळलेलं गवत आणि त्यावरून वाहणारा वारा पाहून मला एकदम आपला माळ आठवला. उन्हाळ्यात इथे करवानक पक्षीही येतो, आपल्याकडच्या करवानकाचा जातभाई. संध्याकाळी त्याची लांबट हाक ऐकली की पोटात कालवाकालव होते.

आणि कुत्रं म्हणशील, तर तो धागा माझ्या आजोबांपासूनचा. आमचा कारवानी तुला आठवत असेल. बारीक कमरेचा, खोल छातीचा, खायला घातलं तरी फासळ्या मोजता येणारा. मुधोळ आपल्यापासून फार लांब नाही, त्या बाजूनंच ही कुत्री आपल्याकडे यायची. आजोबा उपरण्याचं टोक त्याच्या गळपट्ट्यातून ओवून दोन्ही टोकं मुठीत धरायचे. एक टोक सोडलं की कुत्रं सुटलं. वन्यजीवांचा कायदा १९७२ चा, पण आपल्या भागात तो खऱ्या अर्थानं पोचायला काही वर्षं गेली. तो पोचल्यावर आजोबांनी शिकार सोडली, पण कुत्र्याला माळावर न्यायचं सोडलं नाही. मी आठनऊ वर्षांचा असेन. बोरीच्या जाळीतून ससा उठला, कारवानी अंगाला पीळ देऊन थरथरायला लागला आणि आजोबांनी दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवली. ससा टेकाडापलीकडे जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "गेला बघ." ती मूठ मला आजही दिसते.

इथे आल्यावर शेजारच्या शेतकऱ्याकडे पहिल्यांदा लर्चर पाहिलं आणि मला वाटलं, हे कारवानीचंच कुणीतरी. लर्चर ही जात नव्हे. ग्रेहाऊंड, व्हिपेट, सलुकी अशा धावणाऱ्या कुत्र्यांचा मेंढरं राखणाऱ्या कॉलीशी किंवा बेडलिंग्टन टेरियरसारख्या चिवट कुत्र्याशी केलेला संकर. पाय पहिल्याचे, डोकं दुसऱ्याचं. पूर्वी हे भटक्या जिप्सींचं आणि चोरून शिकार करणाऱ्यांचं कुत्रं मानायचे, म्हणून अजून काही लोक त्याच्याकडे तिरप्या नजरेनं बघतात. झिपरी तीन वाटे ग्रेहाऊंड आणि एक वाटा कॉली. अंगावर राखाडी झिपऱ्या, भुवयांवर केस, म्हणून ते नाव. इंग्रजांना ते म्हणता येत नाही. म्हातारा तिला 'झिप' म्हणतो आणि ती त्यालाही ओ देते.

सगळं मला त्या म्हाताऱ्यानंच शिकवलं. सत्तरी उलटलेला माणूस, बोलणं मोजकं. पहिले दोन हिवाळे त्यानं मला नुसतं मागून चालायला लावलं. सशांवर झोत टाकायचा दिवा हातात दिला नाही.

रात्र कशी हवी, तर चंद्र नसलेली, ढगाळ आणि वाऱ्याची. झाडं घोंगावत असली पाहिजेत, म्हणजे आपल्या पायांचा आवाज सशाला जात नाही. बारीक पाऊस असला तर आणखी चांगलं. चांदण्यात आणि निवांत हवेत जाणं व्यर्थ, ससे आपल्याला कितीतरी आधी ओळखतात. स्वयंपाकघरात मी कालनिर्णय लावलंय, दरवर्षी ताई पाठवते. ती समजते एकादशीसाठी. मी अमावस्या बघतो आणि मग वाऱ्याचा अंदाज. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, बस. पुढे माद्या गाभण असतात, बिळात पिल्लं असतात. कायदा तेव्हाही अडवत नाही, पण म्हातारा जात नाही, म्हणून मीही जात नाही.

निघण्याआधी बरंच काही असतं. ज्या रानात जायचं ते दिवसा पायी फिरून घ्यायचं. काटेरी तार कुठे सुटलीय, चर कुठे आहे, नांगरलेली जमीन थंडीनं दगडासारखी कडक झालीय का. धावणारं कुत्रं अंधारात तारेवर गेलं तर छातीपासून पोटापर्यंत उकलतं. झिपरीच्या मांडीवर वीत लांबीचा वण आहे, ती चूक माझी. मी ते एक शेत दिवसा पाहिलं नव्हतं. जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी खिशात ठेवायची. इथे २००४ च्या कायद्यानं कुत्र्यांनी रानटी जनावरांची शिकार करायला बंदी आली, पण मालकाच्या परवानगीनं बिळातला ससा आणि उंदीर यांना सूट आहे. निघताना पोलिसांच्या १०१ नंबरवर कळवतो, अमुक शेतात दिवा दिसेल तो माझा. मोठ्या सशाची चोरून शिकार करणारे रात्री जीप घेऊन शेतं तुडवतात, त्यामुळे दिवा दिसला की लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे.

आता ती रात्र. परवाच्या अमावस्येची सांगतो.

वारा पश्चिमेचा, जोरात. आम्ही गव्हाच्या खालच्या बांधावरून वाऱ्याला तोंड देऊन निघालो. बॅटरी कमरेला, दिवा उजव्या हातात, डाव्या मुठीत झिपरीची दोरी. दोरी दुहेरी, गळपट्ट्याच्या कडीतून ओवलेली, अगदी आजोबांच्या उपरण्यासारखी. दिवा सतत लावायचा नाही. क्षणभर लावून झोत रानावरून फिरवायचा, बघायचं, विझवायचा. अंधारात डोळे चमकतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. मेंढराचे हिरवट. कोल्ह्याचे पांढरट, लखलखीत, एकटक. सशाचा तांबूस, आणि बहुतेक वेळा एकच, कारण तो आपल्याला आडवा बसलेला असतो.

साठेक पावलांवर एक तांबडा ठिपका दिसला. ससा कुंपणापासून चांगला आत आला होता, कोवळा गहू खात. दिवा विझवला. अंधारात अर्धवर्तुळ घेऊन आम्ही त्याच्या आणि कुंपणाच्या मधे आलो. झिपरीचं अंग माझ्या गुडघ्याला टेकलेलं, आतून तारेसारखं ताणलेलं. आवाज नाही, श्वास तेवढा. पुन्हा दिवा. ससा जमिनीला चिकटून बसला, कान पाठीवर. मी दोरीचं टोक सोडलं.

बापू, पुढचं सगळं पंधरावीस सेकंदांचं असतं आणि मला ते दरवेळी पूर्ण दिसत नाही. ती झोताच्या कडेनं गेली, कारण मधून धावली तर तिचीच सावली पुढे पडते. ससा उसळला, थेट तिच्या पोटाखालून मागे वळला. ग्रेहाऊंडची चाल सशाहून कितीतरी जास्त, पण तो जागच्या जागी वळतो आणि ती वळेपर्यंत दहा पावलं पुढे जाते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. झोत सशाच्या जरासा पुढे ठेवायचा. चुकून तिच्या डोळ्यांवर गेला तर ती आंधळी होते. तिसऱ्या वळणाला तिनं कॉलीचं डोकं वापरलं. त्याच्या मागे न वळता कुंपणाकडची वाट धरली आणि तो आपसूक तिच्या तोंडात आला. ससा जिवंत, न चावलेला, तिनं आणून माझ्या हातात दिला. मी लगेच मान मोडली. त्याला एक क्षण लागतो आणि तो क्षण नीट पार पाडता आला पाहिजे. ज्याला तो जमत नाही त्यानं कुत्रं सोडू नये, हे म्हाताऱ्याचं पहिलं वाक्य होतं.

दया येत नाही का, असं तुला विचारायचं होतं ना? येते. ती हाताला कळते, सशाचं अंग ऊबदार असतं तेव्हा.

ससा निसटून कुंपणात गेला, तर दिवा विझवायचा. काळोख झाला की धाव संपली हे झिपरीला माहीत आहे, ती परत पायाशी येते. त्या रात्री सहा वेळा सोडली, चार मिळाले, दोन गेले. मग मी थांबलो. तिच्या अंगात आणखी दोन धावा होत्या, पण थकलेलं कुत्रं वळताना पाय मोडून घेतं.

परतताना दोन गोष्टी घडल्या. वरच्या रानात दिवा फिरवला तर डोळा जरा उंचावर दिसला, कान लांब, टोकं काळी. मोठा ससा. झिपरीनंही पाहिला, दोरीला हिसका बसला. मी दोन्ही टोकं धरून उभा राहिलो आणि दिवा विझवला. काळोखात त्याच्या पळण्याचा आवाज आला, मग नुसता वारा. "गेला बघ," मी तिला म्हणालो, मराठीतच.

दुसरी गोष्ट सांगावी की नाही, विचार करत होतो. फाटकाजवळ एक बिळातला ससा झोतात बसून राहिला. पळेना. जवळ गेलो तर डोळे सुजून बंद झालेले, पू आलेला, तोंड फुगलेलं. मिक्सोमॅटोसिस. हा रोग इथे १९५३ मध्ये केंट परगण्यात आला आणि एकदोन वर्षांत देशातल्या शंभर सशांतले नव्वदहून जास्त मेले. पिसवांनी पसरतो. म्हातारा तेव्हा लहान होता. रस्त्यावर आंधळे ससे चाचपडत फिरायचे ते त्याच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. झिपरीनं याला हुंगलं आणि मागे सरली. मी त्यालाही सोडवलं आणि तिथेच पुरला. रोगानं तो कितीतरी दिवस कुजत बसला असता.

का मारायचे, याचं शेतकऱ्याकडचं उत्तर सरळ आहे. सातआठ ससे एका मेंढीएवढं खातात असा इथला हिशेब आहे. कुंपणालगतचा गव्हाचा पट्टा दिवसा बघशील तर कुणी कातरून नेल्यासारखा असतो. १९५४ च्या कायद्यानं तर आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवणं हे कसणाऱ्याचं कर्तव्यच केलंय. बिळात सोडायचा विषारी वायू हाही मार्ग आहे. तो मला बघवत नाही. कुत्र्यापुढे ससा एकतर मरतो किंवा धडधाकट निसटतो, अर्धमेला लंगडत राहत नाही.

पण सगळीकडे ससा नकोसा नाही, हेही तुला कळायला हवं. गव्हाच्या रानापलीकडे जो उघडा माळ आहे तिथे ससे इतके कमी झालेत, की गवत वाढून रानफुलं आणि करवानकाच्या घरट्याच्या जागा जातायत. तिथे निसर्ग राखणारे लोक फांद्यांचे ढीग घालून, मातीचे बांध रचून सशांना बिळं करायला आसरा देतायत. आम्ही त्या बाजूला दिवा वळवतही नाही. एकाच बांधाच्या एका अंगाला ससा पीक खाणारा आणि दुसऱ्या अंगाला माळ जिवंत ठेवणारा. मला यात काही खोटं वाटत नाही. दोन्ही खरं आहे, म्हणूनच दोरी कुठे सोडायची हे झिपरीवर टाकता येत नाही. तिला दिसेल त्याच्यामागे धावायचं असतं. सोडणारी मूठ माझी असते.

चारांपैकी दोन ससे म्हाताऱ्याला दिले. घरी येऊन आधी झिपरीचे पाय कोमट मिठाच्या पाण्यानं धुतले, बोटांतल्या गारगोट्या काढल्या, अंग पुसलं, मग तिचं जेवण. नंतर माझं. ससा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला. मांसाला चरबी अजिबात नसते, म्हणून सुकं खोबरं सढळ हातानं वाटायचं आणि मंद आचेवर दीड तास तरी शिजू द्यायचं. तू खाणार नाहीस हे माहीत आहे, तुझ्यासाठी पिठलं करीन. पण एकदा ये. रानात माझ्यामागून नुसता चाल, दिवाही हातात घेऊ नकोस.

वहिनींना सांग, कांदा-लसणीचा मसाला संपत आलाय. ताई पुढच्या महिन्यात यायची आहे, तिच्याकडे किलोभर द्या. आणि माळावर आता कारवानी कुणाकडे उरलाय का, तेवढं बघून कळव.

तुझाच,
नाना